कपाटातला प्रॉम्प्टर

रंगभूमीवरचं माझं सर्वांत मोठं यश मी प्लायवूडच्या एका कपाटात बसून पाहिलं. पाहिलं म्हणजे ऐकलं. प्लॅस्टिकच्या स्टुलावर, गुडघे हनुवटीला टेकवून, घामानं न्हाऊन. त्या यशात माझा वाटा एवढाच की मी तोंड बंद ठेवलं. तेही आपखुशीनं नव्हे.

सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर तुम्हांला वाटेल मी चोरीबिरी करायला शिरलो होतो.

मी बँकेतला माणूस. साताऱ्याहून तीन वर्षांसाठी म्हणून चेन्नईत बदली झाली, त्याला आता तेवीस वर्षं झाली. सध्या मी आमच्या बँकेच्या प्रशिक्षण केंद्रात नव्या भरतीला शिकवतो, आणि माझा विषय आहे विकास. माणसाचा विकास, संस्थेचा विकास, समाजाचा विकास. पडद्यावर मी तीन वर्तुळं दाखवतो, एकात एक बसवलेली. आतल्या वर्तुळातून बाहेरच्या वर्तुळाकडे एक बाण जातो. तो बाण कसा जातो, असं आजवर एकाही मुलानं विचारलेलं नाही, आणि देवाची कृपा, कारण मलाही ते ठाऊक नव्हतं.

माझं खरं आयुष्य मात्र रविवारी असे. आमचं एक छोटंसं मराठी मंडळ आहे. एग्मोरच्या बाजूला एका जुन्या सभागृहात आम्ही जमायचो आणि वर्षाला एक नाटक करायचो. नाटक लिहायचो मी. बसवायचो मी. आणि प्रयोगाच्या वेळी डाव्या विंगेत हातात वही नि बॅटरी घेऊन उभा राहायचो तोही मीच. प्रॉम्प्टर.

आता इतर मंडळांत प्रॉम्प्टर असतो तो अडीअडचणीला. आमच्याकडे पाठांतर ही पद्धतच नव्हती. रेल्वेतले, बँकेतले, आवडी नावाच्या उपनगरातल्या संरक्षण कारखान्यातले लोक. तीन रविवार तालीम, त्यातला एक चहात जाणार. पाठ कोण करणार? मी वाक्य कुजबुजायचो, नट ते गर्जायचे. मी ‘खबरदार’ म्हणालो की ते ‘खबरदार!’ म्हणायचे. याचा एक मजेदार परिणाम झाला होता. सगळे नट नकळत माझ्याकडे, म्हणजे डावीकडे, सरकत यायचे. आमची सगळी नाटकं रंगमंचाच्या डाव्या अर्ध्या भागात घडायची. दरबार, दिवाणखाना, न्यायालय, सगळं डावीकडे. उजव्या बाजूला आम्ही कुंड्या ठेवायचो. जाणते प्रेक्षक आल्या आल्या डावीकडच्या खुर्च्या पकडायचे, आणि नवख्यांना वाटायचं, या लोकांना कुंड्यांचं फार कौतुक.

माझी बायको आमची रंगभूषाकार. ती एकदा म्हणाली, “अहो, तुम्ही एकटेच नाटक करता आणि बाकीचे तुमचा आवाज मोठा करतात. एक स्पीकर आणला तर पंधरा माणसांचा मेकअप वाचेल माझा.”

मी हे प्रशंसा म्हणून घेतलं. मला तसं घेता येतं.

आमचे मुख्य नट म्हणजे काका. वय बहात्तर. तंजावरहून चेन्नईत आलेल्या मराठी घराण्यातले, रेल्वेतून निवृत्त झालेले, उंच, कपाळ रुंद, आवाज असा की मागच्या रांगेतलं लहान मूल दचकून रडायचं. अठरा वर्षं त्यांनी आमचे सगळे राजे, न्यायाधीश आणि मुलींचे वडील केले. त्यांच्या घरातली मराठी आमच्यासारखी नाही. तिच्यात जुने शब्द, तमिळ शब्द, आणि बोलण्याला तमिळ हेलकावा. मी मात्र त्यांना रंगमंचावर साताऱ्याची मराठी बोलायला लावायचो, आणि ते माझ्या तोंडून एकेक वाक्य उचलून तंतोतंत म्हणायचे. मी थांबलो की ते थांबायचे. एकदा मला शिंक आली तेव्हा राजेसाहेब सिंहासनावर तोंड उघडं ठेवून अर्धा मिनिट बसून होते.

मग दोन वर्षांपूर्वी एग्मोरचं सभागृह पाडायला काढलं. तिथं काहीतरी उंच होणार आहे. मंडळापुढं प्रश्न आला, जायचं कुठं? तोवर आमची निम्मी तरुण मंडळी कामासाठी पेरुंगुडीकडे राहायला गेली होती. त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, “आमच्या सोसायटीचं क्लबहाउस आहे ना. मी बुक करते. आणि अंकल, यंदा नाटक मी बसवू?”

अंकल म्हणजे मी.

ही मुलगी अठ्ठावीस वर्षांची, आयटीत नोकरी, आईवडील नागपूरचे पण तिचा जन्म इथला. तमिळ तिच्या तोंडून धबधब्यासारखी यायची आणि मराठी नळासारखी, कधी धार, कधी नुसतं फुसफुस. काकांना ती ‘ताता’ म्हणायची, म्हणजे इथल्या भाषेत आजोबा. मी सभेत उदारपणे म्हणालो, “अवश्य. नव्या पिढीनं पुढं यायलाच हवं.” हे माझ्या पडद्यावरचं सातव्या क्रमांकाचं वाक्य आहे. मनात म्हणालो, बसव बाई, प्रयोगाला वही तर माझ्याच हातात असणार.

क्लबहाउस पाहायला गेलो आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. रंगमंच होता, फूटभर उंचीचा लाकडी चौथरा. मागं गुळगुळीत भिंत. दोन्ही बाजू मोकळ्या. एका बाजूला काचेपलीकडे व्यायामशाळा, दुसऱ्या बाजूला पिण्याच्या पाण्याचं यंत्र.

“विंग कुठंय?” मी विचारलं.

“नाहीये.”

“मग मी कुठं उभा राहू?”

तिनं खांदे उडवले. “समोर बसा ना, अंकल. खुर्चीवर. नाटक बघा.”

तेवीस वर्षांत मला असं अपमानास्पद कुणी काही बोललं नव्हतं.

नाटक माझंच होतं. एका निवृत्त स्टेशनमास्तरची बायको वारली आहे, मुलं घर विकायला आली आहेत, आणि म्हातारा बायकोचं एक कपाट कुणाला उघडू देत नाही. शेवटच्या प्रवेशात तो एकटाच उरतो आणि त्या बंद कपाटाशी बोलतो. चांगलं पाच मिनिटांचं स्वगत. ‘हे कपाट म्हणजे माझ्या संसाराचा मूक साक्षीदार’ अशी त्याची सुरुवात. लिहिताना माझेच डोळे भरून आले होते.

म्हातारा अर्थातच काका.

पहिल्या तालमीला मुलीनं सगळ्यांच्या वह्या गोळा केल्या आणि पिशवीत घालून पिशवीवर बसली. “पाठ करू नका. काय घडलं ते शेजाऱ्याला सांगतो तसं सांगा. सांगता सांगता वाक्यं येतील. ती चुकली तरी चालेल.”

“चुकली तरी?” मी किंचाळलो.

“चालेल.”

बाकीचे आठ जण पहिल्यांदा लाजले, मग खुलले. एका रेल्वेवाल्यानं तर मोठ्या मुलाची भूमिका सांगता सांगता स्वतःच्या भावाचं भांडण सांगून टाकलं आणि ते माझ्या लिखाणापेक्षा चांगलं होतं, हे मी मान्य करायला सहा महिने घेतले. पण काका उभेच राहिले. स्टेशनमास्तरसारखे ताठ, गाडी आलेलीच नाही असे. त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. मी खुर्चीवर बसून, सवयीनं, ओठ हलवले. ‘हे कपाट म्हणजे.’

“हें कपाट म्हणजे,” काका गरजले.

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. पुढच्या रविवारी माझी खुर्ची काकांच्या पाठीमागं गेली. काका मान वळवून बोलू लागले. त्याच्या पुढच्या रविवारी मला व्यायामशाळेत बसवण्यात आलं. मी तिथल्या एका जागच्या जागी चालणाऱ्या सायकलवर बसलो आणि काचेतून ओठ हलवू लागलो. काका काचेकडे बघून बोलू लागले. शेजारी वजनं उचलणाऱ्या तरुणानं तमिळमध्ये मला विचारलं, सर, छातीत दुखतंय का? मुलगी उठली आणि काचेवरचा पडदा सरकन ओढला.

पडद्यापलीकडून फक्त शांतता ऐकू आली. लांबलचक.

तालीम संपल्यावर तिनं मला बाजूला घेतलं. आवाज अगदी मऊ होता, म्हणून मला जास्त भीती वाटली. “अंकल, शेवटच्या रविवारपर्यंत तातांना तो कपाटाचा सीन एकट्यानं जमला नाही, तर तो रोल डेंटिस्ट अंकलना द्यावा लागेल. त्यांना सगळं पाठ आहे.”

आमचे दंतवैद्य. त्यांना सगळंच पाठ असतं. बत्तीस दातांना बत्तीस नावं देणारा माणूस, पाच मिनिटांचं स्वगत म्हणजे त्यांना चूळ भरण्यासारखं. पण ते बोलले की ऐकणाऱ्याला जबडा बधिर झाल्यासारखं वाटतं.

त्या संध्याकाळी काका आणि मी एकाच गाडीनं परतलो. पेरुंगुडीपासून आमची ती उंचावरची रेल्वे, रविवारी जवळजवळ रिकामी. स्टेशनं एवढी प्रचंड की दोन माणसं उतरली तर एकमेकांना हरवतील. काका खिडकीशी बसले. त्यांना बातमी कळली होती.

“रावजी,” ते म्हणाले. मला ते असंच म्हणतात. “दातांचे डॉक्टर चांगले करतील की.”

“काका, काय बोलताय! मी बघतो. काहीतरी युक्ती काढतो. कानात घालायचं एक यंत्र मिळतं...”

“नको. कानांत आधीच एक यंत्र आहे.” त्यांनी डावा कान दाखवला. खरंच होतं, श्रवणयंत्र. कोट्टुरपुरमला गाडी थांबली, कुणी चढलं नाही. “सोमवार ते शनिवार मला पुष्कळ माणसें आहेत. सून चांगली, नातू चांगला. त्यांस मराठी येत नाही, मला त्यांची इंग्लिश समजत नाही, तमिळमध्ये सगळें चालतें. पण रविवारीं मला कोणी ‘या’ म्हणतात. मी बसून मराठी बोलतों. ती गेल्यावर घरांत मराठी बोलणारें कोणी नाही की.”

ती म्हणजे काकू. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

मी जे नेहमी बोलतो तेच बोललो. “काका, तुमची स्मरणशक्ती उत्तम आहे. तुम्ही प्रयत्न करत नाही.”

ते हसले. “स्मरण आहे की. तुमचा तो पहिला नाटक सुद्धां स्मरण आहे. राजा केलों मी. एक प्रवेशांत तुम्ही सांगायच्या आधींच मी बोललों. माझी आई जशी बोलायची तसें बोललों. तुम्ही आंतून मोठ्यानें ओरडलां, ‘तसं नाही, असं!’ पूर्ण सभा हसली. मग मी विचार केलों, हा मनुष्य एवढा कष्ट करतो, बॅटरी धरून उभा राहतो. त्यास सांगूं दे. आपण थांबूं.”

“आणि तेव्हापासून...”

“थांबतों.”

त्यांच्या आवाजात तक्रारीचा लवलेश नव्हता. मंदैवेली आलं, ते उतरले, प्लॅटफॉर्मवरून हात केला आणि त्या अवाढव्य स्टेशनात लहान होत गेले. माझं स्टेशन तिरुवल्लिकेणी. मी पुढच्या चार स्थानकांत अठरा वर्षांपूर्वीचा तो प्रयोग आठवायचा प्रयत्न केला. मला फक्त एवढंच आठवलं की प्रयोग छान झाला होता आणि सगळे हसले होते.

तुम्हांला वाटेल, एवढं ऐकून माणूस सुधारला असेल. छे! मी घरी आलो आणि सुतारालाच फोन लावला.

माझा विचार असा. काकांचा रोल वाचवायचा आहे ना? मग नियम महत्त्वाचा की माणूस? रंगमंचाला विंग नाही, पण रंगमंचाच्या मधोमध एक भलंमोठं कपाट तर आहे. आमचा सुतार प्लायवूडचं कपाट बनवत होता. पोलादी दिसावं म्हणून त्याला करडा रंग देणार होता. मी त्याला मागच्या फळीला सहा भोकं पाडायला सांगितली. तो म्हणाला, “कशाला, सार?” मी म्हणालो, “हवा खेळायला.” तो म्हणाला, “कपाटाला?” मी त्याला जादा चहा पाजला.

शेवटच्या रविवारी काकांनी स्वगत केलं. मी मुद्दाम गेलोच नाही. बायको गेली होती. तिनं येऊन सांगितलं, “दोनदा थांबले. एकदा खाली बसले. पण शेवटापर्यंत गेले.”

“मुलगी काय म्हणाली?”

“ती म्हणाली, ताताच करतील. पण दंतवैद्यांना धोतर नेसवून पहिल्या रांगेत बसवायचं ठरलंय. काका अडकले तर ते शेजारी म्हणून वर जाणार आणि उरलेलं स्वगत पुढं नेणार.” मग तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. “तुम्ही हसताय का?”

“छे.”

“तुमच्या मिश्या हसतायत.”

प्रयोग रविवारी सकाळी अकराला होता, कारण संध्याकाळी तिथं कुणाच्या तरी पहिल्या वाढदिवसाचा फुग्यांचा हत्ती उभा राहणार होता. मी साडेदहाला सर्वांना सांगितलं की माझं पोट बिघडलं आहे. पावणेअकराला, चौथऱ्यासमोर तात्पुरता पडदा लागलेला असताना, स्टूल, वही, बॅटरी, पाण्याची बाटली यांसह मी कपाटात शिरलो. दार बोटभर उघडं ठेवलं. त्या फटीतून मला चौथऱ्याची एक पट्टी दिसत होती आणि पहिल्या रांगेतलं धोतर.

दार लोटण्याआधी एक गोष्ट घडली, ती तेव्हा मी मनावर घेतली नाही. काका आपली काठी जागेवर ठेवायला आले होते. त्यांनी कपाटाकडे पाहिलं. मग माझ्या चपलांकडे पाहिलं, ज्या मी बाहेरच काढल्या होत्या. तेवीस वर्षांची सवय, कुठं आत शिरायचं म्हटलं की आधी चपला काढायच्या. काकांनी त्या पायानं हळूच कपाटामागं सरकवल्या आणि निघून गेले.

नाटक सुरू झालं. आतल्या गरमीचं वर्णन करत नाही. चेन्नईच्या माणसाला सांगायची गरज नाही आणि बाहेरच्याला खरं वाटणार नाही. सहा भोकांतून जी हवा येत होती तिनं बहुधा मला पाहून परत जायचं ठरवलं होतं. पण मी ऐकत होतो. पहिल्यांदाच ऐकत होतो. आवाज उजवीकडून येत होते! माझे नट चौथराभर फिरत होते. मोठा मुलगा उजव्या टोकाला जाऊन भांडला. माझ्या वहीतलं एक वाक्य तिथं नव्हतं, तरी भांडण माझंच होतं, आणि लोक हसत होते. मी आत बसून वहीची पानं उलटत त्यांच्या मागं धावत होतो आणि सारखा मागं पडत होतो.

मग मुलं गेली. पावलं थांबली. काका एकटे.

मी बॅटरी लावली. ‘हे कपाट म्हणजे माझ्या संसाराचा मूक साक्षीदार.’ पान तयार, बोट तयार.

काका बोलले नाहीत.

एक. दोन. तीन. फटीतून त्यांच्या धोतराचा काठ दिसत होता, अगदी जवळ. चार. पाच. व्यायामशाळेतल्या यंत्राची घरघर ऐकू आली. खुर्च्या करकरल्या. फटीतून दिसलं, दंतवैद्यांनी धोतराचा सोगा सावरला.

मी कुजबुजलो, “हे कपाट म्हणजे.”

काहीच नाही.

मी जरा मोठ्यानं, “काका! हे कपाट म्हणजे माझ्या...”

दंतवैद्य उठले. अर्धे उठले, म्हणजे त्यांचे गुडघे सरळ व्हायला लागले. गेला, म्हटलं, काकांचा रविवार गेला. मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं.

आणि अंधार झाला. काकांनी वळून आपली पाठ दाराला टेकवली होती. सबंध बहात्तर वर्षांचं वजन देऊन. दार धप्पदिशी बंद झालं, त्या दणक्यानं बॅटरी हातातून सुटून स्टुलाखाली गेली आणि विझली. वही दिसेना. काही दिसेना. माझ्या आणि त्यांच्या पाठीच्या मध्ये पाव इंचाचं प्लायवूड, आणि त्या प्लायवूडमधून त्यांचा आवाज यायला लागला. गर्जना नव्हती. मी तो आवाज अठरा वर्षांत कधी ऐकलाच नव्हता.

“हिची किल्ली कोठें ठेवायची, मला कधीं समजलें नाही,” काका म्हणाले. “चाळीस वर्षें विचारलों. हसायची. म्हणायची, तुम्हांस काय पाहिजे तें सांगा, मी काढून देतें. सरी, म्हणायचों मी. आतां मला काय पाहिजे तें कोणास सांगूं?”

हे माझ्या वहीत नव्हतं. मूक साक्षीदार तर कुठंच नव्हता. ते आपल्या घरच्या मराठीत बोलत होते, हेलकाव्यासकट, ‘बरं’ म्हणायला तमिळ ‘सरी’ म्हणत. भाताच्या डब्यात किल्ली शोधली ते सांगितलं, देवाच्या फोटोमागं शोधली ते सांगितलं, आणि मागच्या बाजूनं एक बारीक हसू आलं. आमच्या कार्यक्रमांना तंजावरकडची काही कुटुंबं कधीमधी यायची आणि मागं, दाराजवळ बसायची, लवकर निघता यावं म्हणून. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या बायका हसत होत्या. पुढचे लोक हसायच्या आधी त्या हसत होत्या. त्यांना काकांचं बोलणं आमच्याआधी पोचत होतं. आमच्या नाटकात असं कधी झालं नव्हतं.

मध्ये काका पुन्हा थांबले. खूप वेळ. या वेळी मी मोजलं नाही. वाक्य विसरलेला माणूस मी हजार वेळा पाहिलाय. तो श्वास वर धरून ठेवतो. काकांची पाठ प्लायवूडवर शांतपणे खालीवर होत होती. ते विसरले नव्हते. ते थांबले होते, आणि सगळं सभागृह त्यांच्याबरोबर थांबलं होतं. मी तोंडावर दोन्ही हात धरले. शिंक येऊ नये म्हणून, असं मी बायकोला नंतर सांगितलं.

“सरी,” काका शेवटी म्हणाले. “कुलूप राहूं दे.”

टाळ्या पडल्या. म्हणजे त्या किती पडल्या हे मला आतून कळलं, कारण कपाट थरथरलं.

आता नाटक संपलं की मी हळूच बाहेर पडणार होतो. पण आमच्या मंडळात नाटक संपलं की संपत नाही. मग अध्यक्षांचं मनोगत. मग आभार. मग त्याच चौथऱ्यावर, त्याच कपाटासमोर, काकांना शाल. मी आत पाण्याची बाटली संपवली. अध्यक्ष म्हणाले, “या यशामागे ज्यांचा अदृश्य हात आहे ते आमचे चिटणीस आज प्रकृती बरी नसल्यानं थांबू शकले नाहीत.” चिटणीस म्हणजे मी. पहिल्या रांगेतून माझ्या बायकोचा खोकला ऐकू आला. तो खोकला मी ओळखतो. ती हसू दाबताना तसा खोकते.

शेवटी लोक जेवायला गेले, आणि सोसायटीचे कामगार वाढदिवसाचा हत्ती घेऊन आले. दोघांनी कपाट उचललं. एक म्हणाला, “जड आहे रे.” दुसरा म्हणाला, “आत कुणीतरी आहे.” पहिल्यानं आपलं टोक सोडलं.

दार उघडलं तेव्हा समोर ती मुलगी उभी. मी स्टुलासकट आडवा. तिनं माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, सहा भोकांकडे पाहिलं.

“अंकल,” ती म्हणाली, “पोट कसंय?”

“बरंय.”

“तातांना तुम्ही सांगत होता?”

खोटं बोलायची उत्तम संधी होती. अख्खं यश माझ्या खिशात येऊन पडलं असतं, आणि मला ओळखणाऱ्या कुणालाही आश्चर्य वाटलं नसतं. मी म्हणालो, “तीनदा प्रयत्न केला. त्यांनी दार लावून घेतलं.”

ती जमिनीवर बसून हसली. इतकी की फुग्यांचा हत्तीवाला थांबून बघायला लागला.

त्या दिवशी परतताना गाडीत काका माझ्या समोर बसले, शाल घडी करून मांडीवर. ओठ हलवायची सवय मला आवरत नव्हती, म्हणून मी खिडकीबाहेर बघत होतो.

“काका,” मी शेवटी म्हणालो, “दार बंद केलंत ते बरं केलंत.”

“रावजी, आंत पुष्कळ उकडलें की?”

“मेलो असतो.”

“मला ठाऊक होतें. चपला पाहिलों.” त्यांनी शालीचा काठ बोटांनी सरळ केला. “आधीं वाटलें, मुलीस सांगूं. मग विचार केलों, असूं दे. मागें कोणी आहे म्हणून धैर्य येतें. पण तुम्ही बोलायला लागलां तेव्हां माझें मला ऐकूं येईना.”

मी बँकेच्या पडद्यावरून तो बाण काढून टाकला आहे. वर्तुळं तशीच आहेत. एका मुलानं परवा विचारलं, सर, ही जोडलेली कशी आहेत? मी म्हणालो, ठाऊक नाही, तुला काय वाटतं? आणि मग गप्प बसलो. फार कठीण काम आहे. तोंडात वाक्य तयार असतं, जिभेवर नाचत असतं. मी दार लावून घेतलं.

आता रविवारची तालीम पेरुंगुडीला असते. मागच्या रांगेतल्या त्या बायकांपैकी दोघी येऊ लागल्या आहेत, आणि चहाच्या वेळी काकांशी त्यांचं जे चालतं त्यातलं मला निम्मंच कळतं. यंदा काका आजोबा नाहीत, चोर आहेत. भूमिका त्यांनी स्वतः मागून घेतली. दंतवैद्य पोलीस. वह्या अजून पिशवीत आणि पिशवीवर ती मुलगी. मला पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली आहे, उजवीकडची. बसताना काका दर वेळी मला विचारतात, “रावजी, या म्हणालों मी. आलां की?”

मी आलेलो असतो. चपला घालूनच बसतो.